पगार हाती आल्यावर: ख्रिस्ती घराचा हिशेब, पायरीपायरीने

आपल्या मंडळ्यांत पैशांवर बोलणे होते ते बहुतेक दोनच प्रसंगी: दशमांशावरच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्यावरच्या, उपदेशात, नाहीतर इमारत फंडाच्या वर्गणीच्या वेळी. घरभाडे, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, जामीनकी यांविषयी उपासनेत क्वचितच काही कानावर पडते. त्यामुळे पुष्कळ विश्वासू माणसांच्या मनात एक समज घट्ट बसला आहे, की प्रार्थना केली आणि दशमांश दिला की बाकीचे प्रभू पाहून घेईल. शास्त्र असे म्हणत नाही. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अडते आणि बघणारे हसतात, हे खुद्द प्रभूने सांगितले आहे (लूक १४:२८-३०). दाखला शिष्यत्वाचा आहे, हे खरे. पण घर बांधणारा आधी हिशेबाला बसतोच, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

तर आधी बसू या. उदाहरणासाठी अहिल्यानगरमधले एक घर घेतो. घर काल्पनिक आहे, पण अशी घरे तुमच्या मंडळीत चार बाकांवर सापडतील. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत, हातात २४,००० रुपये. बायको एका दवाखान्यात नर्स, हातात १८,०००. दोन मुले शाळेत, गावाकडे आई-वडील. एकूण ४२,००० रुपये.

पहिली पायरी: महिनाभर नुसते लिहा

पहिल्या महिन्यात काहीही कापू नका, काहीही ठरवू नका. फक्त लिहा. मुलांच्या जुन्या वहीची कोरी पाने चालतील. यूपीआयचा इतिहास मोबाईलमध्ये असतोच, त्यामुळे रोजचे वीस-पन्नास रुपये आठवत बसावे लागत नाहीत. सुटतात ते रोखीचे खर्च: रविवारच्या अर्पणाची थैली, संडे स्कूलची सहल, महिला मंडळाची वर्गणी, कोणाच्या दफनाला जाताना भरलेले पेट्रोल. तेही त्याच दिवशी लिहा.

वहीच्या शेवटच्या पानावर देण्यांची यादी करा. कोणाचे, किती, व्याज किती, हप्ता किती, कधी संपणार. आणि आणखी एक रकाना: घरात हे कोणाला माहीत आहे? नवऱ्याने मित्राकडून घेतलेले हातउसने बायकोला ठाऊक नसते, बायकोने बचत गटातून उचललेले नवऱ्याला ठाऊक नसते. जमीन विकून आलेल्या पैशांतला काही भाग लपवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने निदान एकमेकांपासून तरी काही लपवले नव्हते (प्रेषितांची कृत्ये ५). हा रकाना भरताना घरात वाद होणार, हे धरूनच चला. शक्यतो पगाराच्या आठवड्यात बसा, महिनाअखेरीला नको. मुले झोपल्यावर, आणि दोघांपैकी कोणी रात्रपाळीहून आलेले नसताना.

आपल्या उदाहरणातल्या घराची देणी अशी निघाली. दुचाकीचा हप्ता २,९०० रुपये. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे विनातारण छोट्या कर्जाच्या, गटाचा हप्ता २,६००. सोनेतारण ६०,००० रुपये, वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला ६०० रुपये नुसते व्याज. क्रेडिट कार्डावर ३८,००० थकलेले. शिवाय मामांकडून घेतलेले २०,००० रुपये, ज्यांचा विषय दोन वर्षांत कोणी काढलेला नाही.

दुसरी पायरी: कागदावर मांडणी

महिना संपला की खर्च मांडा. या घराचा असा दिसतो:

अर्पण: २,१००
घरभाडे: ८,०००
किराणा, दूध, भाजी, गॅस: १०,५००
वीज आणि मोबाईल: १,७००
शाळा आणि रिक्षा: ४,०००
पेट्रोल: ३,०००
गावी आई-वडिलांना: ३,०००
दुचाकी आणि गटाचे हप्ते: ५,५००
सोनेतारणाचे व्याज: ६००

बेरीज ३८,४००. शिल्लक ३,६००. वरवर बरे चालले आहे असे वाटते. पण यात नाताळ नाही. जूनची फी आणि वह्या-पुस्तके नाहीत. भाच्याच्या लग्नाचा आहेर नाही, गाडीचा विमा नाही. हे खर्च अचानक येत नाहीत; नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. तरी जवळपास प्रत्येक घरात डिसेंबरचे कपडे, केक आणि करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ उधारीवर किंवा कार्डावर होतो आणि फेब्रुवारीपर्यंत फिटत राहतो.

म्हणून वर्षाचे खर्च एकत्र करून बाराने भागा. या घरात शाळेचे ९,०००, नाताळचे ८,०००, आहेराचे ४,०००, गाडीच्या विम्याचे आणि दुरुस्तीचे ३,०००, असे २४,००० होतात. म्हणजे महिन्याला २,००० रुपये बाजूला गेले पाहिजेत. त्यासाठी वेगळे बचत खाते उघडा आणि त्याचे एटीएम कार्ड घेऊच नका. आता शिल्लक उरते १,६००.

हे १,६०० रुपये क्रेडिट कार्डाला लावू म्हटले तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ३८,००० वर १,३३० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे २३९. एकूण १,५६९. म्हणजे १,६०० भरूनही मुद्दल कमी होते ते तीस-एक रुपयांनी. हे घर वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे पैसे भरत राहील आणि कर्ज आहे तिथेच राहील. कर्ज घेणारा देणाऱ्याचा दास होतो, असे नीतिसूत्रे २२:७ मध्ये आहे. तो दास कसा होतो हे पाहायचे असेल, तर कार्डाच्या स्टेटमेंटवरची ‘किमान देय रक्कम’ पाहावी.

यावर उपाय चौथ्या पायरीत आहे. त्याआधी यादीतली पहिली ओळ, कारण तिच्यावरून सर्वांत जास्त प्रश्न येतात.

तिसरी पायरी: अर्पण किती, कधी, कोणाला

या घराच्या दशमांशाचे ४,२०० रुपये होतात आणि मी २,१०० लिहिले आहेत. काही पाळकांना हे पटणार नाही. माझी बाजू सांगतो.

जुन्या करारातला दशमांश मुख्यतः धान्य, द्राक्षारस, तेल आणि जनावरे यांचा होता. त्यावर मंदिराची सेवा करणारे लेवी वंशाचे लोक जगत. काही भाग कुटुंबाने देवासमोर आनंदाने खाण्यासाठी होता, आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचा होता (अनुवाद १४:२२-२९). सगळा दशमांश भांडारात आणा, हे मलाखी ३:१० उपदेशातून वारंवार ऐकू येते, अनुवाद १४ मात्र फारच कमी. नव्या करारात पौल आकडा सांगत नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, खंत वाटून किंवा भाग पडते म्हणून नव्हे (२ करिंथ ९:७), आणि जे नाही त्याप्रमाणे नाही, तर जे आहे त्याप्रमाणे द्यावे (२ करिंथ ८:१२), एवढेच तो म्हणतो. दहावा भाग हे चांगले माप आहे, ते समोर ठेवावे. पण कार्डावर कर्ज काढून दशमांश भरणारे घर बँकेचे पैसे देवाला देत असते.

म्हणून सोपा मार्ग असा: आज पाच टक्के ठरवा आणि पगार झाला त्या दिवशीच काढून ठेवा. एकेक कर्ज फिटले की टक्का वाढवा. कपातीआधीच्या पगारावर द्यायचे की हातात आलेल्यावर, या वादात मला रस नाही. ठरवा आणि त्याला चिकटून राहा.

ज्यांच्याकडे रोख फारच थोडी आहे त्यांच्यासाठी मिझोरमच्या स्त्रियांचे उदाहरण मोलाचे आहे. तिथल्या मंडळीत १९१० पासून प्रथा आहे: भात शिजवायला घेताना मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात काढायचे आणि साठले की मंडळीला द्यायचे. गरिबीतल्या त्या मुठीवर मिझो मंडळीचे सुवार्ताकार्य मोठ्या प्रमाणात उभे राहिले.

आपल्याकडच्या कापणीच्या सणाचे थोडे वेगळे आहे. उपासनेनंतर आवारात लिलाव सुरू होतो. मेथीची जुडी, नारळ, गावरान कोंबडी, कोणीतरी घरी केलेला केक. बोली लावणारे आणि वाढवणारे सगळे ओळखीचे. जुडी दोनशेवर जाते, पुन्हा अर्पण होते, पुन्हा लिलावाला येते. मजा असते आणि ती असावीच. पण माईकवर नाव पुकारले जाते तेव्हा हात खिशाच्या ऐपतीपुढे जातो. जाण्याआधी दोघांनी आकडा ठरवा आणि तेवढीच रोख घेऊन जा. मोबाईल घरी राहिला तरी चालेल.

आता ज्यावर मी ठाम आहे ते. ‘विश्वासाचे बी पेरा, शंभरपट मिळेल’ म्हणत स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. परताव्याच्या आशेने दिलेल्या पैशाला गुंतवणूक म्हणतात, आणि तीही वाईट गुंतवणूक. द्यायचे तिथे पावती मागा, वार्षिक सभेत तपासलेला जमाखर्च मागा. यात अविश्वास नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेला दुसरा भाऊही पाठवला, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:१८-२१). अर्पणाची मोजणी एकट्याने करू नये, हा नियम तिथूनच घेता येतो. करसवलतीच्या भरवशावर दान देऊ नका: ती नोंदणी असलेल्याच संस्थांच्या दानावर मिळते, २,००० रुपयांवरील रोख दानावर मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर नाहीच.

आणि आई-वडिलांचे ३,००० रुपये कापून अर्पण वाढवू नका. देवाला वाहिले असे सांगून आई-वडिलांना द्यायचे ते न देणाऱ्यांना प्रभूने मार्क ७:९-१३ मध्ये सुनावले आहे. त्या वचनांवर उपदेश ऐकल्याचे किती जणांना आठवते?

चौथी पायरी: कर्ज आधी कोणते फेडायचे

व्याजाचा दर पाहा, नाते पाहू नका, असे साधारण सांगितले जाते. अर्धे बरोबर आहे. कार्ड सर्वांत आधी, कारण त्याचे व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. कार्डाची नवी खरेदी आजच थांबवा आणि ॲपमधूनही कार्ड काढून टाका.

या घराकडे एक रस्ता उघडा आहे, तो म्हणजे सोने. दोन वर्षांपूर्वी तारण ठेवलेल्या दागिन्यांचा भाव आज बराच चढलेला आहे. समजा, ते आज १,१०,००० रुपयांचे आहेत. ते सोडवून विकले तर ६०,००० सोनेतारणाचे गेले, ३८,००० कार्डाचे गेले, हातात १२,००० राहिले. महिन्याचे ६०० रुपये व्याज थांबले, कार्डाचे १,६०० मोकळे झाले. म्हणजे दरमहा २,२०० रुपये. मामांचे २०,००० दहा महिन्यांच्या आत फिटतात.

कागदावर हे दोन ओळींत होते. घरात तसे होत नाही. ते दागिने तिच्या लग्नातले असतात, बहुधा तिच्या आईने केलेले, आणि विकायला जाताना पेढीवर पावती मागतात, घडणावळ वजा होते, खडे काढून वजन होते. निर्णय तिचा असला पाहिजे, नवऱ्याने वचने दाखवून तो घ्यायला लावू नये. ती नको म्हणाली तर दुसरा रस्ता: नोकरीच्या ठिकाणच्या पगारदार पतसंस्थेतून कमी व्याजाचे कर्ज काढून कार्ड एका दमात मिटवणे. मात्र कार्ड मिटले की ते बंद करायचे, नाहीतर सहा महिन्यांत दोन्ही कर्जे उभी असतात.

मामांच्या पैशांना व्याज नाही म्हणून ते शेवटी, असे गणित सांगते. पण ज्याचे द्यायचे त्याला देऊन टाकण्याची आज्ञा (रोम १३:७-८) व्याज पाहत नाही. आज मामांना फोन करा. ‘मामा, तुमचे वीस हजार माझ्या लक्षात आहेत, अमुक महिन्यापासून दर महिन्याला दोन-दोन हजार पाठवतो,’ एवढे बोलणे पुरते. दोन वर्षे टाळलेली नजर त्यानंतर टाळावी लागत नाही.

गटाच्या कर्जाविषयी दोन गोष्टी माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि असे कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही. वसुलीला सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ६ नंतर येणेही नियमबाह्य आहे. उपासना-सभेच्या वेळी दारात वसुलीवाला उभा राहिला, तर हे त्याला शांतपणे सांगता येते.

पाचवी पायरी: जामीन राहण्याआधी

आपल्या समाजात सर्वांत जास्त घरे मोडतात ती बहुधा इथे, आणि सर्वांत कमी बोलले जाते तेही इथेच. पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात. ब्रदर रविवारी उपासनेनंतर अर्ज घेऊन येतो, पेन खिशातच असते. ‘फक्त सही हवी, नाव माझेच आहे.’ नाही कसे म्हणायचे? परवाच तर त्याने आपल्या मुलासाठी प्रार्थना केली होती.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वसुली आधी कर्जदाराकडून आणि मग तुमच्याकडून, असा क्रम तुम्हाला आपोआप मिळत नाही. हप्ते थकले की तुमच्या पगारातून कपातीचे पत्र येऊ शकते आणि तुमचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक, खाली येतो. नीतिसूत्रांचा लेखक यावर विलक्षण तातडीने बोलतो: जामीन राहून अडकला असशील तर झोप घेऊ नकोस, जा, गयावया कर आणि स्वतःला सोडव (६:१-५).

सही करण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा: हे पूर्ण कर्ज मी माझ्या पैशांतून फेडू शकतो का, आणि फेडावे लागले तर या माणसाशी माझे बोलणे राहील का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ नसेल तर सही नाही. नकार देताना कारणांची माळ लावू नका. ‘आम्ही दोघांनी ठरवले आहे की जामीन राहायचे नाही, पण तुझ्या या महिन्याच्या हप्त्याला माझे एक हजार घे, परत करू नकोस.’ गरिबाला व्याजाने देऊ नये, असे निर्गम २२:२५ मध्ये आहे. भावाला उसने देऊन नाते गमावण्यापेक्षा झेपेल तेवढे देऊन मोकळे व्हावे, हा माझा अनुभवाने बनलेला कल.

सहावी पायरी: साठवणे म्हणजे अविश्वास नाही

‘उद्याची चिंता करू नका’ हे वचन विमा एजंटाला पिटाळायला वापरले जाते. तेच शास्त्र योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरायला लावल्याचे सांगते (उत्पत्ती ४१), आणि घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट म्हणते (१ तीमथ्य ५:८). लूक १२ मधला श्रीमंत शेतकरी मूर्ख ठरला तो कोठार बांधल्याने नव्हे, तर त्या कोठारात स्वतःशिवाय कोणालाच जागा नव्हती म्हणून.

क्रम असा ठेवा. सोने विकून उरलेले १२,००० आणीबाणीसाठी बँकेत. मामांचे पैसे फिटले की दरमहाचे २,२०० तिथेच, घरखर्चाचे तीन महिने निघतील इतके होईपर्यंत. त्याच्या जोडीला विमा. बँकेतून मिळणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे आयुर्विमा कवच देते, वय १८ ते ५० पर्यंत काढता येते. अपघाताची सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपये. दोन कमावती माणसे असलेल्या घराला दोन लाख पुरत नाहीत, म्हणून पुढे साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. पैसे परत देणारी पॉलिसी बहुधा महाग पडते आणि कवच कमी देते.

दूरच्या बचतीसाठी पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची सरकारी योजना: मुदत १५ वर्षे, वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख. पटकन मोडता येत नाही, हाच तिचा गुण.

पतपेढीविषयी थोडे सविस्तर, कारण तिचे मूळ आपल्या विषयाशी जोडलेले आहे. जर्मनीतले फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन (१८१८-१८८८) हे गावांचे कारभारी आणि श्रद्धाळू प्रोटेस्टंट. दुष्काळ आणि सावकारी यांत पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी परस्परांच्या जबाबदारीवर चालणाऱ्या पतसंस्था उभ्या केल्या. भारतातला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच नमुन्यावर बेतला. वसईत १९१८ मध्ये सुरू झालेली बसीन कॅथोलिक बँक हे आपल्या समाजाने त्या वाटेवर उभे केलेले मोठे काम. तरीही ठेव ठेवताना भावनेवर जाऊ नका. सहकारी बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. नाव जुने आणि संचालक ओळखीचे, म्हणून आयुष्याची ग्रॅच्युइटी तिथे ठेवू नका.

झटपट पैशांबद्दल थोडक्यात. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदीच आली आहे. शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांत, २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात गेल्याचे बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच दाखवून दिले. आणि ‘ब्रदरांची स्कीम’, जिच्यात दोन माणसे आणायची असतात, ती प्रार्थनेने सुरू होते म्हणून वेगळी ठरत नाही.

सातवी पायरी: पगार वाढतो तेव्हा

वाढीव पगार येण्याआधीच खर्च झालेला असतो: मोठा फोन, मोठे घर, चारचाकीचा हप्ता. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली ऑक्सफर्डच्या सुरुवातीच्या मेथडिस्ट तरुणांपैकी एकाची गोष्ट सांगत. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे बहुतेक मानतात. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा त्याने २८ मध्ये भागवले आणि दोन दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी राहिला २८ मध्येच आणि ३२ दिले. नंतर ९० आले, ६२ दिले. संसारी माणसाला हे जसेच्या तसे जमणार नाही. मुलांची फी वेस्लींना भरायची नव्हती. पण वाढीचे तीन वाटे करता येतात: एक घराला, एक बचतीला, एक अर्पणाला. आपल्या घरातला २,१०० चा आकडा ४,२०० वर जाईल तो याच वाटेने.

ज्यांची मजुरी आपण देतो त्यांचाही यात विचार करा. धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला आपल्या पगाराची वाट न पाहता द्यावा. मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नये, हा नियम लेवीय १९:१३ इतका जुना आहे. कर वाचवायला खोट्या भाडेपावत्या जोडणेही इथेच थांबते.

आठवी पायरी: मृत्युपत्र

हा भाग ख्रिस्ती वाचकांनी लक्ष देऊन वाचावा, कारण आपल्याला लागू होणारा कायदा शेजाऱ्याच्या कायद्याहून वेगळा आहे. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती माणूस गेला, तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. पत्नीला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश, मुलगे-मुली समसमान. पत्नी गेली तर पतीलाही तसाच हक्क. गोव्यात तिथला वेगळा नागरी कायदा चालतो, तिथल्यांनी तिथल्या वकिलाला विचारावे.

आपल्या उदाहरणातला नवरा उद्या गेला, तर पत्नीला एक तृतीयांश आणि दोन मुलांना एकेक तृतीयांश. गावच्या आईला? काहीच नाही. मूल-बाळ मागे असेल, तर या कायद्यात आई-वडिलांना वाटा मिळत नाही. वधस्तंभावरून प्रभूने आपली आई योहानाच्या हवाली केली (योहान १९:२६-२७). महिन्याला ३,००० पाठवणाऱ्या मुलाने आईची पुढची सोय कागदावर केली नाही, तर कायदा ती करत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात. तुमची सही त्यांनी पाहिलेली असावी आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. ज्याला काही द्यायचे आहे तो स्वतः किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नको, नाहीतर त्याला दिलेले बाद ठरते. लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्न होताच आपोआप रद्द होते, हेही आपल्याला लागू आहे. विधुर-विधवांनी दुसरे लग्न केल्यावर नवे करावे. बँकेतला नॉमिनी साधारणतः पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे, म्हणून नॉमिनेशन केले म्हणजे झाले असे समजू नका.

मंडळीला काही ठेवायचे असेल तर ठेवता येते. मृत्यूपूर्वी बारा महिने आधी मृत्युपत्र करण्याची आणि ते जमा करण्याची अट जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसावर पूर्वी होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. मात्र लिहिताना ट्रस्टचे नोंदणीकृत नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. नुसते ‘पाळकसाहेबांना’ लिहिले तर ते त्या माणसाला जाते, मंडळीला नाही, आणि पाच वर्षांनी पाळकसाहेबांची बदली झालेली असते.